बिनअंड्याचा केक

आमच्या घरात केक आला की सगळ्यात आधी एकच प्रश्न यायचा, "अंडं न्हाई ना त्याच्यात?" विचारणारे माझे मोठे दीर. घरातली, गल्लीतली सगळी माणसं त्यांना अप्पा म्हणतात, मी भावजी म्हणते. आमचं घर लिंगायताचं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. बाजारात अंड्याच्या गाड्यावरून जायचं झालं तर भावजी रस्त्याची बाजू बदलतात. जिंतूरला आमचं किराणा दुकान आहे, पुढं दुकान आणि मागं घर. तेल, गूळ, साबण सगळं मिळतं, अंडं तेवढं मिळत नाही. गिऱ्हाइकानं मागितलं तर भावजी म्हणायचे, "पलीकडं जा, आन् परत येताना इकडून येऊ नका."

अशा घरात सून आली ती केक करणारी. कुठं शिकायला गेली नव्हती. मोबाइलवर बघून बघून शिकली. आधी कुकरात करायची, मग लेकानं भट्टी आणून दिली. आता गल्लीतला कुठलाच वाढदिवस तिच्याशिवाय होत नाही. सगळं बिनअंड्याचं, ते तर घरात येतानाच ठरलेलं. पहिला केक झाला तेव्हा भावजींनी चष्मा लावून तो चारी बाजूंनी बघितला. ती म्हणली, "अप्पा, देवाशपथ, अंडं न्हाई." तवा कुठं तोंडात घातला.

आता कुत्र्याचं सांगते, कारण सगळं त्याच्यापायीच झालं.

कुत्रं गावठीच. तांबूस रंगाचं, एक कान उभा, एक पडलेला. दुकानाच्या पायरीखाली पिल्लू असताना येऊन झोपलं ते तिथलंच झालं. त्याला नाव नाही. भावजी "ये रे" म्हणतात, की ते येतं. दुसऱ्या कुणी "ये रे" म्हणलं तर नुसतं बघतं. दूध-भाकरी, वरण-भात, ताकातला भात खाऊन वाढलेलं. हाड कसं असतं त्याला ठाऊक नाही. समोरची शेजारीण भावजींना नेहमी चिडवायची, "अप्पा, कुत्र्याला लिंग कधी बांधायलाव?" भावजीही काही कमी नाहीत. म्हणायचे, "बांधलं असतं बाई, पर त्यो सोवळं तुमच्यापेक्षा जास्त पाळायलाय, तुमची फजिती व्हायची."

माझ्या जाऊबाई वारल्या त्या वर्षी भावजींचं जेवण तुटलं. ताट वाढलं की बसायचे, भाकरीचा तुकडा मोडायचे, आणि तसेच बसून राहायचे. लेकरूबाळ त्यांना नाही. माझा लेकच त्यांचा लेक. तो बोलला, मी बोलले, रागावून झालं, गोड बोलून झालं, काही उपयोग नाही. मग एक दिवस ते ताट उचलून ओसरीत जाऊन बसले. कुत्रं पायरीवर आलं. भावजींनी एक घास त्याला टाकला, एक स्वतः खाल्ला. परत एक त्याला, एक स्वतःला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. भाकरी संपली. दुसऱ्या दिवशी मी भाकरी एक जास्त केली. तेव्हापासून ते दोघं तसेच जेवतात. कुत्र्यानं खाल्लं तर भावजी खाणार, एवढं साधं गणित होतं. म्हणून त्या कुत्र्याच्या तब्येतीची फिकीर मला भावजींएवढीच असायची.

आणखी एक रीत सांगायला पाहिजे. घरात नवं काही शिजलं, बाहेरून काही आलं, की आधी देवापुढं. शिवाला दाखवायचं, मग वाटायचं. एकदा देवापुढं ठेवलं की तो प्रसाद. प्रसादाला नको म्हणायचं नाही, प्रसाद ताटात टाकायचा नाही, उकिरड्यावर तर स्वप्नातही नाही. आमचे सासरे जेवण झालं की ताट पाण्यानं धुऊन ते पाणी पिऊन टाकायचे. भावजी अजून पितात. आणि प्रसादात कुत्र्याचाही वाटा असतो. पेढा असो, शिरा असो, पुरणाची पोळी असो, एक तुकडा पायरीवर जाणार. मुक्या जिवाला टाकून खाऊ नये, असं आमच्याकडं सांगत आले.

तर नातीचा वाढदिवस आला. उन्हाळ्याच्या सुट्ट्या, ऊन असं की दुकानातल्या चॉकलेटच्या वड्या बरणीतच मऊ पडायच्या. सुनेनं भल्या सकाळी भट्टी लावली, उन्हं चढायच्या आत व्हावं म्हणून. नातीसाठी मोठा केक, पांढरा, वर अननसाच्या फोडी आणि थोडी चॉकलेटची नक्षी. आणि शेजारी दुसऱ्या भांड्यात एक छोटा केक, काळाकुट्ट.

मी विचारलं, "हे काय गं? करपला का?"

"न्हाई आत्या, हा अप्पांसाठी. त्यांना साखर हाय ना, म्हणून ह्याच्यात साखर जवळजवळ न्हाईच. कोको पावडर जास्त घातलीय, आन् ते कडू चॉकलेट. मोबाइलवर बघितलं, साखरवाल्यांना असलाच चालतो म्हणे."

मला लय कौतुक वाटलं. दर वाढदिवसाला सगळे खातात आणि भावजी बोटाला लागलेलं चाटून गप बसतात, हे तिनं बघून ठेवलं होतं. ते चॉकलेट तिनं परभणीहून मुद्दाम मागवलं होतं, आपल्याकडं असलं कडू कुणी घेत नाही.

दोन्ही केक देवापुढं ठेवले. भावजींनी बेल वाहिला, भस्म लावलं, आणि वळून विचारलंच, "अंडं?"

"न्हाई अप्पा."

"दोन्हीत?"

"दोन्हीत न्हाई."

लेकरांनी टाळ्या वाजवल्या, नातीनं केक कापला, एकमेकांच्या तोंडाला लावला. सुनेनं छोटा केक स्टीलच्या ताटलीत घालून भावजींच्या हातात दिला. "अप्पा, हा सगळा तुमचा. कुणाला द्यायचा न्हाई. सावकाश खावा दिवसभर." भावजींनी एक तुकडा तोंडात घातला. मी बघत होते. त्यांचं तोंड क्षणभर काढा पिताना होतं तसं झालं. पण लगेच म्हणाले, "लय छान झालाय गं, लय छान." सुनेचं तोंड असं फुललं म्हणता! भावजी ताटली घेऊन ओसरीत गेले. मी लेकरांना चिवडा वाटायला गेले. थोड्या वेळानं ताटली धुऊन मोरीवर पालथी घातलेली दिसली. मला वाटलं, चला, बरं झालं, आवडला.

दुपारची जेवणं झाली. लेकरं आपापल्या घरी गेली. मी जरा आडवी झाले होते तर भावजींचा आवाज आला, "बाई, ह्याला काय झालं बघा."

कुत्रं ओसरीतून अंगणात, अंगणातून ओसरीत नुसतं फिरत होतं. बसवलं की उठत होतं. जीभ बाहेर, छाती भात्यासारखी. पाण्याची परात रिकामी केली, परत भरली, परत रिकामी. चार पावलांवर जाऊन मुतायचं, पुन्हा यायचं. मग ओकलं. मग परत ओकलं. भावजींनी छातीवर हात ठेवला आणि लगेच काढला. म्हणले, "काळीज असं उडायलंय, मोजताबी येईना."

आमच्याकडं उन्हाळ्यात कुणाला काही झालं की पहिल्यांदा उन्हालाच धरतात. मीही म्हणले, ऊन लागलं असंल. भिजवलेलं पोतं अंगावर टाकलं. तेवढ्यात समोरची शेजारीण आली, हातात कांदा किसलेला वाटीत घेऊनच. "उन्हाला कांद्याचा रस. दोन चमचे पाजा, लगेच उठून बसंल." दुसरं कुणी म्हणालं, मिठाचं पाणी पाजा, पोटातलं सगळं बाहेर पडंल. शेजारणीचं मन चांगलं होतं हो, माणसाला आपण तेच करतो. पण माझा लेक दुकानातून धावत आला, त्याचा चेहरा पांढरा पडलेला.

"आई, गोदामात उंदराचं औषध ठेवलं होतं मी. ते खाल्लं का काय ह्यानं?"

गोदामाचं दार दुपारी उघडं होतं. कुत्रं गेलं असंल, नसंल, कोण बघणार. औषधाच्या पुड्या तर तिथंच होत्या, पण एखादी कमी होती का, त्यालाही आठवेना. भावजी खाली बसले.

लेकानं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बसस्टँडच्या पुढं त्यांचा दवाखाना आहे, तरुण पोरगी, गाई-म्हशी बघते, कुत्रीही बघते. लेकानं फोन मोठ्या आवाजावर ठेवला. त्यांचा पहिला शब्द, "काहीच पाजू नका. कांदा तर बिलकुल न्हाई, कांदा कुत्र्याला जहर असतो. मिठाचं पाणीबी न्हाई. जसा हाय तसा घेऊन या, आन् आज त्यानं काय काय खाल्लं ते आठवत या."

शेजारणीनं वाटी पदराखाली घेतली. "अगं माय," एवढंच म्हणली.

लेकाच्या टेम्पोत मागं भावजी कुत्र्याला मांडीवर घेऊन बसले, मी शेजारी, सून पुढं. रस्त्यात कुत्र्याचे पाय आपोआप हलायला लागले, झोपेत पळतं तसे, पण डोळे सताड उघडे. भावजी त्याच्या कानाजवळ वाकून "ये रे, ये रे" म्हणत होते. ते जवळच होतं, तरी म्हणत होते.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर घेतलं, नळी लावून छाती ऐकली, तापमान बघितलं. "ऊन न्हाई हे," म्हणल्या. "कशाचं तरी जहर हाय. काय खाल्लं?"

लेकानं उंदराच्या औषधाचं सांगितलं, पुडी दाखवली. त्यांनी पुडी उलटी-पालटी करून वाचली. "दुसरं काय? चॉकलेट-बिकलेट?"

सून म्हणली, "आज वाढदिवस होता. लेकरांनी केकचा एखादा तुकडा टाकला असंल. पांढरा केक, वर उगं नक्षीपुरतं चॉकलेट."

"तेवढ्यानं एवढं होत न्हाई. काळं चॉकलेट, कोको पावडर, असलं घरात काही?"

"होतं. पर त्याचा केक मी अप्पांसाठी केला होता. तो तर अप्पांनीच खाल्ला. सगळा." तिनं वळून भावजींकडं बघितलं. "हो ना अप्पा?"

भावजी कुत्र्याच्या पायावर हात ठेवून उभे होते. त्यांनी मान हलवली. हो अशी का नाही अशी, कुणालाच कळलं नसेल. पण मला कळलं. पन्नास वर्षं त्या घरात आहे मी. ह्या माणसानं कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही, म्हणूनच ते खोटं त्यांच्या तोंडावर लगेच दिसलं. धुऊन पालथी घातलेली ताटली माझ्या डोळ्यापुढं आली. काढा प्यायल्यासारखं झालेलं ते तोंडही आलं.

डॉक्टरीणबाई सुई भरता भरता म्हणत होत्या, "मग मी उंदराच्या औषधाच्याच अंगानं जाते. इलाज येगळा असतो, म्हणून विचारायलेय. चुकलं तर येळ जाईल, आन् येळ आपल्याकडं जास्त न्हाई."

मला तिथंच खरं सांगून टाकायला सोपं होतं. पण मी मोठ्या दिरांपुढं आजही डोक्यावरचा पदर पडू देत नाही, आणि भरल्या दवाखान्यात सुनेदेखत त्यांना खोटं पाडायचं माझ्यानं होईना. मी त्यांच्या जवळ गेले आणि हळूच म्हणले, "भावजी, केक लय कडू होता का?"

ते माझ्याकडं बघायला लागले. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. मग डॉक्टरीणबाईंना म्हणले, "थांबा बाई. सुई थांबवा. मी दिला त्याला. सगळा दिला."

"किती होता?"

भावजींनी दोन्ही हातांच्या तळव्यांनी आकार करून दाखवला. एक घास सोडून सगळा. "मला गिळंना. थुकायचा तरी कसा, देवापुढचा हाय. टाकायचा तरी कसा. आन् पोरीनं एवढ्या सकाळी उठून माझ्यासाठी... म्हणलं अंडं न्हाई त्याच्यात, कुत्र्याला चालतंय. त्यानंबी पहिल्यांदा तोंड फिरवलं, बाई. मी वर दूध वतलं. मग खाल्लं. माझ्या हातचं म्हणून खाल्लं त्यानं."

डॉक्टरीणबाई वळल्या, कपाटातून काळी पूड काढली, पाण्यात कालवली. माझ्याशी बोलत बोलत सगळं करत होत्या. म्हणल्या, चॉकलेटमध्ये जे असतं ते माणसाच्या पोटात लवकर जिरून जातं, कुत्र्याच्या अंगात ते लय वेळ राहतं, काळजाला आणि डोक्याला पळवत राहतं. पांढऱ्या चॉकलेटात ते नसल्यातच जमा, दुधाच्या चॉकलेटात थोडं, आणि जितकं काळं आणि कडू तितकं जास्त. कोको पावडर तर सगळ्यात वाईट. ती काळी पूड कोळशाची होती, पोटात उरलेलं जहर धरून ठेवायला. ती त्यांनी नळीनं जपून घातली, श्वासात जाऊ नये म्हणून. झटक्यांसाठी सुई दिली. सलाईन लावलं.

मग त्या भावजींना म्हणल्या, "अप्पा, एक सांगू? अंडं असतं तर काही झालं नसतं. उकडलेलं अंडं मी कुत्र्यांना सांगून खायला लावते."

दुसऱ्या कुठल्या दिवशी भावजी ह्यावर तासभर बोलले असते. त्या दिवशी नुसते "असंल," म्हणले.

सून भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याजवळ गेले तर तिनं माझा हात झटकला नाही, पण धरलाही नाही. मला वाटलं, आता ही रागावणार, किंवा रडणार, की मी जहर केलं आणि ह्यांनी खोटं कौतुक केलं. ती भावजींपुढं जाऊन उभी राहिली.

"अप्पा, नको म्हणायचं की."

"तू पहाटेपासून भट्टीपुढं हुभी होतीस गं."

"मग काय झालं? मी दुसरं केलं असतं. उपमा केला असता. तुमाला काय आवडतंय ते मला कसं कळायचं, तुमी सगळ्यालाच छान म्हणता!"

मी ह्या घरात येऊन एवढी वर्षं झाली, त्यांच्या तोंडून भाजी खारट झाली, भाकरी करपली, असं मीही कधी ऐकलेलं नाही. अन्नाला नाव ठेवू नये, ही घरची शिकवण. जाऊबाई असत्या तर त्यांनी त्यांच्या भुवयांवरून ओळखलं असतं. आम्हाला ते वाचता येत नव्हतं, आणि त्यांना सांगता येत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना काम दिलं. हे जहर लघवीतून जातं, म्हणल्या, आणि लघवी पोटात साठून राहिली तर परत अंगात मुरतं. म्हणून त्याला सारखं बाहेर न्यायचं. झटके थांबले आणि ते धडपडत उभं राहिलं तसं भावजी त्याला दवाखान्यामागच्या निंबाखाली घेऊन जाऊ लागले. सुनेनं सलाईनची बाटली हातात उंच धरलेली, ती पुढं, कुत्रं मध्ये, भावजी त्याच्या पोटाखालून पंचा घालून त्याला धरून मागं. जायचं, मुतवायचं, परत यायचं. पुढची वळली की मागचे वळत होते, आणि नळी कुठं ताणली गेली नाही. संध्याकाळ होईपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं.

त्या रात्री कुत्रं दवाखान्यातच ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणल्या, काळजाचे ठोके ताळ्यावर येईपर्यंत मी सोडणार नाही, आणि येतील असंही आज सांगणार नाही. भावजी घरी आले, ताटावर बसले नाहीत. मी आग्रह केला नाही. त्यांनी फक्त एवढं विचारलं, "बाई, देवापुढचं खाऊन कुणी मरतंय का हो?" मला स्वतःलाच ते लागून राहिलं होतं.

सकाळी दुकान उघडायच्या आधी लेक गेला आणि फोन आला, की कुत्र्यानं उठून पाणी प्यालं आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलाखाली जाऊन झोपलंय. छाती ठिकाणावर आहे. दोन दिवस हलकं खायला द्या. भावजी चपला न घालताच निघाले होते, मी हाक मारून परत बोलावलं.

कुत्रं घरी आलं तेव्हा अशक्त होतं, पायरी चढताना थांबलं. मी ताकातला मऊ भात केला, बिनमिठाचा. भावजी ओसरीत ताट घेऊन बसले. कुत्र्यानं वास घेतला आणि तोंड बाजूला केलं. भावजींचा हात तसाच राहिला. मग त्यांनी घास स्वतःच्या तोंडात घातला, चावला, म्हणले, "बघ, कडू न्हाई. ये रे." त्यानं बघितलं, थोडा वेळ घेतला, आणि पुढच्या घासाला जीभ लावली. आत स्वयंपाकघरात सुनेनं डोळे पुसले आणि मला म्हणली, "कांदा चिरायलेय." तिच्यापुढं कांदा नव्हता.

आमच्याकडं महिन्याला स्वामी येतात, आमचे गुरू, जंगम. जेवतात, आशीर्वाद देतात. ते आले तेव्हा भावजींनी मनातला काटा काढलाच. सगळं सांगितलं आणि विचारलं, "स्वामी, प्रसादानं असं काहून झालं?"

स्वामी म्हातारे आहेत, मिश्किल आहेत. म्हणले, "अप्पा, प्रसाद देवाचा खरा हाय. पर पोट कुत्र्याचं हाय ना? देवाला तुमी बेल वाहता, म्हणून म्हशीला बेल चारता का? ज्याला जे सोसतं ते देवापुढं ठेवा, आन् त्याला द्या. भाकरी ठेवलीत तर देव काय उठून जातोय व्हय?"

भावजींना ते पटलं. आता रोज सकाळी पहिली छोटी भाकरी देवापुढं जाते, आणि ती कुत्र्याची. बाकी कशाचा तुकडा त्याला पडत नाही. शिऱ्याचाही नाही, कारण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बेदाणे आणि द्राक्षंही त्याला वाईट. सुनेनं कोको पावडर आणि चॉकलेट फडताळाच्या वरच्या खणात, झाकणाच्या डब्यात नेऊन ठेवलं. भट्टी चालू असली की स्वयंपाकघराचं दार लावून घेते. भावजींनी दुकानात येणाऱ्या लेकरांना सांगायचं काम घेतलं. चॉकलेट घेतलं की पहिलं सांगणार, "कागद इथंच टाक, आन् कुत्र्याला टाकू नको. तुला गोड, त्याला जहर." एखादं लेकरू विचारतं, "एवढंसं बी न्हाई?" तर म्हणतात, "एवढंसं बी न्हाई. देऊ वाटलं तर मला सांग, मी भाकरी देतो, ती दे." शेजारीण चिडवते, "अप्पा, चॉकलेट विकता आन् वर भाषण देता, धंदा कसा व्हायचा?" पण तिच्या घरच्या कुत्र्यापुढं ती आता कांद्याची भाजी सांडू देत नाही, मी बघितलंय.

आणि सुनेनं भावजींच्या मागं लागणं सोडलं नाही. रोज काही वाढलं की पुढ्यात उभी राहते. "अप्पा, खरं सांगायचं. कसं झालंय?" पहिले कितीतरी दिवस ते "छान" म्हणायचे, आणि ती म्हणायची, "हे चालणार न्हाई." परवा तिनं नाचणीचा काहीतरी बिनसाखरेचा पदार्थ केला. भावजींनी एक घास खाल्ला, चावला, गिळला. चुलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग मोठा श्वास घेतला आणि म्हणले, "पोरी, नको."

सुनेनं ताटली उचलली. एवढं खूश मी तिला केक विकतानाही बघितलं नाही. म्हणली, "मग काय करू?"

"ताकातला भात कर. मऊ. आम्हा दोघांनाबी."